माफ करायचंय पण जमत नाही, त्यासाठी थोडं

अरे पहिल्याच दिवशी मिठी मारायला जाऊ नकोस, सगळे नवीन तिथेच चुकतात. आधी ज्याने दुखावलं त्याचं नाव घेऊन रोज रात्री त्याच्यासाठी प्रार्थना कर, बायबलात मत्तय 5:44 मध्ये तेच सांगितलंय, सुरुवातीला दातओठ खातच होते, चालतं. येशूने सांगितलेलं सत्तर गुणिले सात वेळा माफ करायचं गणित नंतर बघू. दोन गोष्टी टाळ:

- "मी तुला माफ केलं" असं तोंडावर सांगणं, त्याला वाटतं हा उपकार करतोय
- जुनं उकरून मासळी बाजारात सांगत सुटणं

आमच्या वेंगुर्ल्यात बांधावरनं चुलतभावाशी बोलणं बंद होतं, एका नाताळला नेवऱ्यांचं ताट घेऊन गेलो, त्याने ताट घेतलं, बोलला काहीच नाही. ताट परत आलं थेट मे महिन्यात, वर चार हापूस. आणि हो, माफ केलं म्हणजे बांध सोडला असं नाही, मोजणी आम्ही केलीच.