रात्री हात बधिर होऊन जाग येते, कारण काय असेल?

तुम्ही लिहिलंय की पहाटे उजवा हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात रक्त फिरत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंग्यांची तक्रार घेऊन येणारे बरेच जण हेच म्हणतात. पण बहुतेकदा दोष रक्ताचा नसतो, नस कुठेतरी दबलेली असते. कुठे, ते बोटांवरून कळतं. म्हणून आज जाग आली की हात झटकायच्या आधी नीट बघा, नेमकी कोणती बोटं बधिर आहेत.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर आणि करंगळी ठीक असेल, तर नस मनगटात दबतेय. याला कार्पल टनेल म्हणतात. झोपेत मनगट मुडपून राहतं, म्हणून त्रास रात्री वाढतो. तुमचं वर्णन मला याच बाजूचं वाटतं. सतत मनगटाचं काम, गरोदरपण, थायरॉईड, मधुमेह यांत हे जास्त दिसतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, आवळून नको. सुरुवातीच्या अवस्थेत एवढ्यानेही पुष्कळांना आराम पडतो. मात्र हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसला, तर थांबू नका, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर नस कोपरात दबतेय का ते बघायचं. हात दुमडून उशीखाली घेणं, तासन्‌तास मोबाईल कानाला लावणं बंद करा.

मानेतून खांद्याकडे कळ येऊन हातात उतरत असेल तर मूळ मानेत असू शकतं. पण म्हणून आधी एमआरआय करून ‘मणक्यात गॅप’ शोधत बसू नका. चाळिशीनंतर काहीही दुखत नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते. आधी डॉक्टरांकडून मान आणि हात तपासून घ्या. शुगर, थायरॉईड, बी-१२ या रक्ततपासण्या मात्र करून टाका.

हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा मालिश नको, लगेच १०८ ला फोन.

आणि एक गोष्ट लोक लाजेने दडवतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, आणि वेळेत सुरू केलं तर बोटं वाकडी होणं टळतं.