शेततळ्यातील माशांना वनस्पतींचे अर्क खाद्यातून द्यावेत का?

आपण विचारले आहे की, शेततळ्यात रोहू आणि कटला सोडलेले असताना लसूण, हळद, अश्वगंधा यांचे अर्क खाद्यात मिसळल्यास मासे झपाट्याने वाढतात आणि औषधांची गरज उरत नाही, हे विक्रेत्यांचे म्हणणे कितपत खरे आहे. माझ्या मते रोगप्रतिकारासाठी त्यांचा उपयोग होतो, तोही आजार येण्यापूर्वी दिल्यास. केवळ वाढीसाठी मात्र मी त्यांवर पैसे घालणार नाही.

एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू तळ्याच्या पाण्यात आणि गाळात एरवीही असतोच. पाण्यातील प्राणवायू कमी झाला, दाटी वाढली किंवा जाळे ओढताना माशांना इजा झाली, की तो डोके वर काढतो आणि अंगावर लाल चट्टे उठणे, पोट फुगणे, खवले उभे राहणे अशी लक्षणे दिसू लागतात. रोहूच्या खाद्यात 1 किलोमागे 1, 5 आणि 10 ग्रॅम लसूण मिसळून झालेल्या प्रयोगांत या जिवाणूचा संसर्ग मुद्दाम घडवल्यावर लसूण खाल्लेले मासे अधिक संख्येने जगले. हळदीचेही असेच प्रयोग झाले आहेत. वनस्पतीतील घटकांमुळे रक्तातील भक्षक पेशी, म्हणजे जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी, अधिक जोमाने काम करतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तथापि हे सारे टाक्यांमधील, नेमकी मात्रा देऊन केलेले प्रयोग आहेत, आणि आपले तळे म्हणजे टाकी नव्हे.

येथे एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. आजारी मासा सर्वप्रथम खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यातून दिलेली कोणतीही वस्तू, मग ती लसूण असो वा प्रतिजैविक, जे मासे अजून बरे आहेत त्यांच्याच पोटात जाते. मरतूक सुरू झाल्यावर लसूण कुटायला बसणे म्हणूनच व्यर्थ आहे. त्या वेळी खाद्य थांबवणे, पाणी बदलणे, हवा खेळती ठेवणारे यंत्र चालवणे आणि मत्स्य विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना मासा दाखवणे हेच करावे.

मिसळण्याच्या पद्धतीवर बरेच काही अवलंबून असते. लसणातील ॲलिसिन हा प्रभावी घटक अख्ख्या पाकळीत तयार नसतो. पाकळी ठेचल्यावर तिच्यातील विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तो बनतो आणि उष्णतेने तो विकर निकामी होतो. म्हणून लसूण शिजवू नये, ठेचून दहा मिनिटे ठेवावा आणि मग थोड्या खाद्यतेलात कालवून तयार गोळी खाद्यावर चोळावा. तेलाचा थर असल्याने तो पाण्यात लगेच विरघळून जात नाही. हळदीतील कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेलात विरघळते, त्यामुळे तिच्यासाठीही हीच रीत योग्य ठरते. चोळलेले खाद्य सावलीत सुकवावे आणि एकदोन दिवसांत संपवावे. मी स्वतः किलोला 5 ग्रॅमांनी सुरुवात करतो, दोन-तीन आठवडे देऊन थांबतो आणि जाळे ओढण्याच्या किंवा पावसाळा सुरू होण्याच्या आधीचे दिवस त्यासाठी निवडतो.

‘झाडपाला आहे, थोडा जास्त पडला तर काय बिघडते’ हा समज मात्र घातक आहे. नको असलेले मासे मारण्यासाठी तळ्याची पूर्वतयारी करताना हेक्टरी सुमारे 2500 किलो मोहाची पेंड टाकतात, तीही वनस्पतीच आहे; तिच्यातील सॅपोनिन हे फेसाळ द्रव्य माशांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. कडुनिंबाचा अर्कही जास्त मात्रेत माशांना विषारी ठरतो. म्हणून ज्या बाटलीवर घटकांची नावे व प्रमाण छापलेले नाही, ती मी विकत घेत नाही.

खर्च करण्यापूर्वी तळ्यात दोन सारखे हापे (बारीक जाळीचे पिंजरे) बांधा, दोन्हींत सारख्याच वजनाची व संख्येची बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडा आणि एकालाच अर्काचे खाद्य द्या. दर पंधरवड्याला 20 ते 25 मासे तोलून वजन, मरतूक आणि घातलेले खाद्य वहीत लिहा. दोन महिन्यांत फरक दिसला नाही, तर तेच पैसे चांगल्या प्रथिनांच्या खाद्यावर खर्च करा.