मुंबईत आल्यापासून रोज सकाळी शिंका येतात, दुपारपर्यंत थांबतात. ही सर्दी आहे की ॲलर्जी? रोज सेटिरिझिन घेतली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत भाड्याच्या घरात राहायला आलात, तेव्हापासून उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, डोळे आणि टाळू खाजते, नाकातून पाणी वाहतं आणि ऑफिसला पोचेपर्यंत सगळं थांबतं. ताप नाही, अंगदुखी नाही. साधी सर्दी बहुतेक वेळा 8-10 दिवसांत आटपते आणि तिच्यात एवढी खाज नसते. तुमचं वर्णन सरळ ॲलर्जीकडे बोट दाखवतंय. मी डॉक्टर नाही. घाटकोपरला राहते, मला आणि माझ्या मुलाला दोघांनाही हा त्रास आहे, आणि त्यापायी डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते सांगते.

मुंबईत शिंक आली की आपण खोदलेल्या रस्त्याला आणि समोर पाडत असलेल्या बिल्डिंगला दोष देतो. ती धूळ, तो धूर सुजलेल्या नाकाला आणखी चिडवतो, हे खरं. पण तुम्ही त्याच रस्त्याने चालत स्टेशनला जाता, लोकलच्या गर्दीत उभे राहता, आणि तिथे तुम्हाला बरं वाटतं! म्हणजे खरं कारण घरात आहे, आणि शिंका उठताच येत असतील तर सगळ्यात आधी संशय गादी-उशीवर घ्यायचा.

घरातल्या धुळीत माइट नावाचे सूक्ष्म जीव असतात, मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या भागाएवढे. ते चावत नाहीत. आपल्या त्वचेचा जो कोंडा गादीत पडतो त्यावर जगतात, आणि त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे नाक पेटतं. पाणी ते पीत नाहीत, हवेतली दमट वाफ शोषतात. सापेक्ष आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर तग धरत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात ती 80 च्या आसपास असते, त्यामुळे तुमचा त्रास जुलैत सुरू झाला याचं मला मुळीच नवल वाटत नाही.

तरी माइटच आहेत असं ठरवून टाकू नका. दोन-तीन आठवडे एका वहीत लिहा: त्रास कधी झाला, कुठल्या खोलीत, त्याआधी काय केलं. माळ्यावरचं सामान काढल्यावर? भिंतीला ओल येऊन काळे डाग पडलेत त्या खोलीत? मग बुरशी असू शकते. सिंकखाली झुरळं असतील तर त्यांचीही ॲलर्जी होते, आणि मुंबईतल्या घरांत हे कारण हमखास दुर्लक्षित राहतं. गावी गेल्यावर आपोआप बरं वाटतं का, तेही लिहा. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

ऑक्टोबरमध्ये कडक ऊन असतं, त्याचा फायदा घ्या. गादी-उशा गच्चीवर कडक उन्हात टाका आणि तिथेच झटका, पण झटकायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा. चादरी, अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा; थंड पाण्याने माइट मरत नाहीत. गादीला आणि उशीला सगळीकडून बंद होणारं चेनचं कव्हर घाला. माझ्या मुलाच्या आजीने भरून दिलेली कापसाची गादी आम्ही अशीच वाचवली. मात्र नुसत्या कव्हरने फार फरक पडत नाही, हे सगळं एकत्र करावं लागतं. कोरडा झाडू सोडून ओल्या फडक्याने पुसा, पंख्याची पातीसुद्धा. झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. अगरबत्ती आणि डासांची कॉइल बंद करा.

कबुतरांबद्दल वेगळं आणि कळकळीने सांगते. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा वाद झाला, पण आपल्या एसीच्या मागे साचलेल्या विष्ठेकडे कुणी बघत नाही. तिची सुकलेली धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांनाच सूज येते आणि पुढे त्यांवर कायमचे व्रण पडतात. त्यात शिंका नसतात. कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप आणि थकवा असतो. खिडकीला जाळी लावा. विष्ठा आधी भिजवा, मास्क लावा, मगच काढा.

गोळीबद्दल: सेटिरिझिन शिंका आणि खाज थांबवते, नाक चोंदलं असेल तर फारशी चालत नाही, आणि झोप आणते. रोजच त्रास असेल तर डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला 1-2 आठवडे लागतात, तेव्हा चार दिवसांत सोडू नका. स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेर, कानाच्या दिशेने धरायचं. चोंदलेलं नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र 3-5 दिवसांपलीकडे नको, नाक उलट जास्त बंद होतं. आणि मॉन्टेलुकास्ट हे ॲलर्जीचं दुसरं औषध असलेली गोळी केमिस्टकडून परस्पर घेऊ नका. मन:स्थितीवर होणाऱ्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 मध्ये तिच्यावर कडक इशारा छापायला लावला आहे.

तपासणीत त्वचेवर टोचून करायची प्रिक टेस्ट चांगली, 15-20 मिनिटांत कळतं. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते डॉक्टरांना विचारा. रक्तातलं एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं दिसलं तरी कशाची ॲलर्जी ते कळत नाही. केसांवरून ॲलर्जी ओळखणाऱ्या पॅकेजवर पैसे घालू नका. इम्युनोथेरपीचा, म्हणजे ज्याची ॲलर्जी आहे त्याचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावण्याचा, पर्याय आहे, पण ती 3 ते 5 वर्षं चालते, त्यामुळे आधी वरचे उपाय करून बघा.

रात्री खोकल्याने जाग येत असेल, छातीत शिट्टी वाजत असेल किंवा धाप लागत असेल तर थांबू नका, दम्याची तपासणी करून घ्या. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर केईएम, सायन, नायर किंवा कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत कान-नाक-घशाची ओपीडी असते. सकाळी लवकर जा आणि वही बरोबर न्या.