आम्ही दोघंही फाउंटन पेनं जमवतो. लग्नाचं विचारताना तिला अंगठीऐवजी कोणतं पेन द्यावं?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की तुमची ओळखच पेनांमुळे झाली, तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त पेनं आहेत, आणि एखादं मर्यादित आवृत्तीचं, नंबर कोरलेलं पेन घ्यावं असं मनात आहे. मी 'ती'च्या बाजूने उत्तर देते. माझं लग्न असंच ठरलं. मीही जमवणारी, तोही जमवणारा.

नंबरवालं पेन घेऊ नका. पैसे वाचवा म्हणून सांगत नाहीये. जमवणाऱ्या माणसाला त्या पेनाची किंमत तोंडपाठ असते, त्यामुळे पेटी उघडताच तिच्या डोक्यात आधी आकडा येणार. दुसरं म्हणजे अशा पेनात शाई भरली की त्याचा भाव उतरतो. मग ते न भरता पेटीत राहतं, आणि लग्नाची खूण म्हणून मिळालेलं पेन वर्षानुवर्षं कोरडं ठेवणं मला तरी चमत्कारिक वाटतं. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं कारण: तिला जे पेन मनापासून हवंय ते शोधण्यातली मजा तिची आहे. ती तुम्ही आयती आणून दिलीत तर ती 'थँक्यू' म्हणेल, पण थोडी हिरमुसेल.

पेन कुठलंही साधं घ्या, हवं तर तुमच्याच संग्रहातलं, तिने हातात घेऊन दोन-तीनदा 'छान आहे हे' म्हटलेलं. पैसे आणि डोकं खर्च करा ते निबवर. तिच्या हाताला बसेल अशी निब घासून घ्या. सगळ्यांना विकत मिळते ती निब कुणाच्याच हाताची नसते.

आता हे करायचं कसं. कागदाला टेकतं ते निबच्या टोकावरचं बारीक बोंड. ते सोन्याचंही नसतं आणि स्टीलचंही. तो वेगळा, अतिशय कठीण मिश्रधातू असतो. त्याला सवयीने 'इरिडियम' म्हणतात, पण आजकाल त्यात ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन असलं काही असतं, इरिडियम बहुधा नसतंच. निबवर ५८५ म्हणजे १४ कॅरट, ७५० म्हणजे १८ कॅरट. पण अक्षराचं वळण ठरतं ते या बोंडाच्या आकारावर. त्यामुळे कॅरटवरून भांडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. स्टीलच्या निबवरही उत्तम काम होतं.

देवनागरीसाठी तर या आकाराचा फरक डोळ्याला लगेच दिसतो. बोंड सपाट, रुंद घासलं की त्याला स्टब म्हणतात; त्याने उभ्या रेघा जाड येतात आणि आडव्या बारीक. म्हणजे काना ठसठशीत, शिरोरेघ नाजूक. आर्किटेक्ट नावाचा घासकामाचा प्रकार बरोबर उलटा: उभं बारीक, आडवं जाड. अशा निबने लिहिलेल्या ओळीत शिरोरेघ अशी उठून दिसते की साध्या चिठ्ठीचंही रूप पालटतं. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना आर्किटेक्ट थोडी विक्षिप्त वाटते, आपल्या लिपीला ती शोभून दिसते. हे माझं मत. स्टबवाले वाद घालतील, घालू देत.

पण यातली कोणती, हे ती कशी लिहिते त्यावर. पेन किती आडवं धरते, दाब देते का, शिरोरेघ प्रत्येक अक्षरावर ओढते की शब्द संपल्यावर एकदम? तिच्या जुन्या चिठ्ठ्या काढा आणि भिंगाखाली बघा. निबचं भिंग तुमच्याकडे असणारच. माझ्या बाबतीत त्याने हेच केलं होतं. मी शब्द पूर्ण लिहून मग शिरोरेघ ओढते, आणि ती ओढताना पेन बोटांत किंचित फिरवते. माझं मलाच हे कधी कळलं नव्हतं. एका ठरावीक पेनाने लिहिलेल्या माझ्या पत्रांत प्रत्येक शिरोरेघेची सुरुवात फिकट, तुटक दिसत होती; त्याने त्यावरून ओळखलं की बोंडाची एक बाजू तेवढ्या क्षणापुरती कागदावरून उचलली जाते. मग निब घासून देणाऱ्या कारागिराला त्याने माझ्या अक्षरातलं एक पान पाठवलं आणि त्या बाजूची धार गोल करून घेतली. पेन अगदी नेहमीचं होतं, माझ्याकडे तसलंच आणखी एक आहे. पण ते टेकवलं आणि शिरोरेघ पहिल्या टोकापासून ओली उमटली, तेव्हा हे दुकानातून आणलेलं नाही एवढं कळायला मला वेळ लागला नाही.

आणि विचारलं कसं, तर नोंदवहीत. तुमच्याकडेही असेल ती वही: पेन, निब, शाई, भरल्याची तारीख, शेरा. शेऱ्यात आपण लिहितो 'जरा ओरखडतं', 'फ्लो जास्त', 'या कागदावर फुटते'. त्याने माझी वही मागून घेतली, नव्या पेनाची ओळ भरली आणि वही पुढे सरकवली. माझी नजर सवयीने आधी शाईच्या रकान्यावर गेली. शाईबद्दल काहीतरी विचारलंही. शेऱ्यात 'लग्न करू या का?' लिहिलंय हे मागाहून दिसलं. खालच्या ओळीत मी त्याच पेनाने लिहिलं, 'चालेल. निब परत मागायची नाही.'

शाई आयर्न गॉल होती, आणि ही निवड मी तुम्हालाही सुचवेन. हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळातलं टॅनिन यांची ही जुनी शाई. लिहिताना ती फिकट उमटते. आजच्या बाटल्यांत निळा रंग घातलेला असतो म्हणून निदान दिसते तरी. मग हवेतल्या ऑक्सिजनने तिचा रंग कागदाच्या तंतूंतच गडद होत जातो आणि पाण्याने जात नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ साली विवाहनोंदणी संगणकावर गेली, तोवर तिथली रजिस्टरं याच जातीच्या शाईने लिहिली जात. मात्र ही शाई आम्लधर्मी असते. पेनात महिनोन् महिने वाळू देऊ नका, भरण्याआधी दर वेळी पाण्याने धुवा, आणि जुन्या दुर्मीळ पेनात घालूच नका. चमकीची शाई तर या कामाला अजिबात नको. चमकी फीडमध्ये, म्हणजे निबला शाई पुरवणाऱ्या भागात, बसते आणि ऐन वेळी पेन मुकं होतं.

अंगठी द्यायची असेल तर तीही द्या, पेन दिल्याने अंगठी बाद होत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. अंगठी चांदीची असेल आणि पेन एबोनाइटचं, तर दोन्ही एका बंद पेटीत ठेवू नका. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्यातून निघणाऱ्या गंधकाने चांदी काळवंडते. (याच गंधकाचा त्रास जुन्या पेनांना होतो: आत शाईची रबरी पिशवी असलेल्या फिकट सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या, पेनाचा रंग पिशवीकडून तपकिरी होत जातो. जेड रंगाची जुनी पेनं एकसारख्या रंगाची क्वचितच सापडतात ती त्यामुळे.) दुसरं, अंगठी पेनाच्या बॅरलवर, म्हणजे मागच्या नळीवर, सरकवून देण्याची कल्पना सगळ्यांना सुचते. मापात बसतेही, कारण बॅरल साधारण १२-१३ मिलिमीटर आणि अंगठीचं आतलं माप १६-१७ च्या आसपास. पण सेल्युलॉइड काय, ॲक्रिलिक काय, सोन्यापुढे मऊच. पहिला ओरखडा तिला दिसेल आणि त्या क्षणी ती तुमच्याकडे बघणार नाही, बॅरलकडे बघेल.

तारखेचं वेड असेल तर एक गमतीची वाट आहे. पायलट या जपानी कंपनीच्या बऱ्याच निबांवर ती कधी बनली ते महिना-वर्षाच्या बारीक आकड्यांत ठोकलेलं असतं. तुमची भेट झाली त्या महिन्याची निब शोधून काढता येते, चिकाटी हवी. तिला जुन्या पेनांची आवड असेल तर १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५० च्या सुरुवातीपर्यंतची अमेरिकी पार्कर बघा. बॅरलवर वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि बहुतेकांवर तिमाहीची खूण. पार्कर ५१ मधल्या काळात, १९४१ ला बाजारात आलं, त्यामुळे त्यातही अशी सापडतात. पण ५१ ची निब लिहितानाही कवचाखाली झाकलेली असते, तिच्यावर घासकाम करून घेणं जरा कटकटीचं. निबचा माझा सल्ला मानणार असाल तर ५१ नको.

नाव कोरून घ्यावं का, यावर जमवणाऱ्यांत कधीच एकमत होणार नाही. कोरलेल्या नावाने पेनाची विक्रीची किंमत घटते हे खरं. पण जे विकायचंच नाही त्याच्या किमतीचा हिशेब कशाला? माझ्याकडच्या एका जुन्या पेनाच्या टोपणाच्या सोनेरी पट्टीवर कुणा अनोळखी माणसाची आद्याक्षरं आहेत आणि मला ते पेन त्यामुळेच आवडतं. कोरायचंच तर धातूच्या पट्टीवर कोरा. जुन्या सेल्युलॉइडला यंत्र लावू नका.

आपलं पेन दुसऱ्याला लिहायला दिलं की निब बिघडते, असं म्हणणारा तुम्हाला भेटला असेलच. बोंड इतकं कठीण असतं की चार ओळींनी त्याचं काही होत नाही. भीती असते ती जोर देऊन निबच्या दोन पाकळ्या फाकवणाऱ्याची, किंवा पेन पाडणाऱ्याची. २ सप्टेंबर १९४५ ला मिसुरी जहाजावर जपानच्या शरणागतीवर सही करताना अमेरिकी जनरल मॅकआर्थरने बरीच पेनं वापरली, त्यातलं एक त्याच्या बायकोचं लाल पार्कर ड्युओफोल्ड होतं. तेव्हा तिने तुमचं आवडतं पेन मागितलं तर द्या. लग्नाआधीच देऊन बघा, म्हणजे दोघांनाही एकमेकांचा अंदाज येईल.

संग्रह एकत्र करायची घाई करू नका. एकसारखी दोन पेनं निघाली की 'एक विकून टाकू' हा विचार फार शहाणा वाटतो, पण कोणाचं विकायचं यावर माणसं आठवडाभर अबोला धरतात. आमच्या वह्या अजून वेगळ्या आहेत. शाया तेवढ्या सामाईक, कारण बाटली एका जन्मात संपत नाही.

त्या दिवशीची तयारी म्हणाल तर पेन आदल्या रात्री भरा, सकाळी त्याच वहीच्या मागच्या पानावर चालवून बघा, आणि बोलायला धीर गोळा करत असताना टोपण उघडं ठेवू नका; निब वाळेल आणि तिचा होकार पहिल्या अक्षरावरच अडकेल. टिपकागद जवळ असू द्या. आणि तिने होय-नाही सांगायच्या आधी 'ही निब कुणी घासली?' असं विचारलं तर बिचकू नका, आधी कारागिराचं नाव सांगा. बाकीचं ती त्यानंतर बोलेल.