मालकाची गाडी हप्त्यावर घेऊ का विचारलंस म्हणून

पोरा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण असल्या गोष्टीचं उत्तर दोन ओळीत देता येत नाही म्हणून आज निवांत बसून लिहितोय. तू ज्यांच्याकडे गाडी चालवतोस ते म्हणतायत २०१९ चा टेन टायर (दहा चाकी) ट्रक घे, दीड लाख डिपॉझिट ठेव, महिन्याला ४५ हजार माल नेण्याच्या भाड्यातून कापत जाईन, तीन वर्षांनी गाडी तुझी. दुसरीकडे तो फायनान्सवाला पोरगा मागे लागलाय की नवीन उचला, डाऊन पेमेंटचं बघून घेऊ. आणि तू विचारतोयस भाड्याने घेऊ का विकत. अरे पण मालक देतायत ते ना धड भाडं, ना धड विक्री. तिथनंच सुरुवात करू.

आधी हिशोब. ४५ हजार गुणिले ३६ म्हणजे १६ लाख २० हजार, वर दीड लाख डिपॉझिट (ते परत मिळणार का शेवटच्या रकमेत वळतं होणार हे त्यांनी सांगितलंय का? नसेलच). म्हणजे पावणेअठरा लाखाला ती गाडी पडली तुला. २०१९ ची म्हणजे बीएस फोर, धुराच्या जुन्या नियमातली. बीएस फोर मालवाहू गाड्यांना दिल्लीत शिरायची सवलत ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, दिल्लीचा नंबर नसलेल्यांना त्यानंतर नाही. म्हणजे नाशिकचा कांदा, द्राक्ष घेऊन दिल्लीच्या आझादपूर मंडईला जायचं भाडं या गाडीला मिळणार नाही. शिवाय आठ वर्षांपर्यंत पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दोन वर्षांनी असतं, मग दरवर्षी, ही गाडी २०२७ ला आठ पूर्ण करणार. तुझ्या मालकांना हे सगळं माहीत आहे, म्हणून तर ते काढतायत ना. माझ्या अंदाजाने त्या गाडीचे बारा लाखाच्या वर कुणी देणार नाही.

समजा तीच गाडी तू रोख ठरवून १२ ला घेतलीस, ३ तुझे आणि ९ लाख फायनान्स, जुन्या गाडीला व्याज जास्त लागतं म्हणून १६ टक्के धर. तीन वर्षांचा हप्ता साधारण ३१ हजार ६०० बसतो. सगळे मिळून १४ लाख ४० हजाराच्या आत. सव्वातीन लाखाचा फरक आहे आणि पहिल्या दिवसापासून आरसीवर तुझं नाव.

पैशाचं एक वेळ सोडून दे, खरी मेख आरसीतच आहे. त्यांच्या स्कीममध्ये तीन वर्षं आरसी त्यांच्या नावावर राहणार. म्हणजे तू ३६ हप्ते टायमावर भरलेस तरी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, त्याचा पत्ता नाही, पुढच्या गाडीला लोन मागायला गेलास की तू परत कोराच. आणि ते त्या गाडीवर मधेच दुसरं लोन काढू शकतात, तुला विचारायचीसुद्धा गरज नाही त्यांना. कळंबोलीला आमच्या यार्डात एकाचं असंच झालेलं. शेवटचे थोडे हप्ते राहिले होते, पठ्ठ्याने एक चुकवला नव्हता, पण मालकाने त्याच गाडीवर टॉपअप (वाढीव कर्ज) घेऊन थकवलेला, फायनान्सवाले आले आणि गाडी ओढून नेली. तो रस्त्याच्या कडेला केबिनमधलं सामान घेऊन उभा, गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, डॅशबोर्डवरचा खंडोबा. हातात काय होतं त्याच्या? एका वहीत लिहिलेला हिशोब, त्यावर मालकाच्या सह्या. ती वही घेऊन कुठे जाणार तो.

अजून एक, आणि माझ्या मते हे सगळ्यात वाईट. भाडं देणाराही तोच आणि हप्ता कापणाराही तोच. आज तू पगारी ड्रायव्हर आहेस, भाडं मिळालं नाही तर त्याची गाडी उभी राहते, जीव त्याचा खालीवर होतो. उद्या ही स्कीम घेतलीस की भाडं मिळालं नाही तर गाडी तुझी उभी आणि ४५ हजार त्याचे चालूच. मग तो बेंगलोरचं चांगलं भाडं स्वतःच्या गाडीला लावणार आणि तुला चाकणहून हमालीच्या भानगडीचा माल, जिथे दोन-दोन दिवस गाडी खाली होत नाही. तू बाहेरनं भाडं उचलतो म्हणालास तर म्हणेल करारात नाही. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, मी ओळखतो त्यांना, पण चांगल्या माणसालाही अशा व्यवहारात वाईट वागायची सोय असते.

नवीन गाडीचं थोडक्यात सांगतो कारण त्यात फार काही नाहीच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यामुळे किंमत उतरली हे खरं, आणि पोरं शोरूमला रांगा लावतायत. पण ३० लाखाचं लोन, साडेदहा टक्के, पाच वर्षं, हप्ता ६४ हजाराच्या वर. पहिली गाडी आणि एकटा माणूस, स्वतःचं भाडं एक नाही, त्याने हे डोक्यावर घेऊ नये. आणि तो पोरगा ‘फक्त आठ टक्के’ म्हणाला ना तुला, त्याला विचार फ्लॅट (शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर व्याज) का रिड्युसिंग (उरलेल्या रकमेवरच व्याज). १० लाखाला आठ टक्के फ्लॅट पाच वर्षं म्हणजे व्याज ४ लाख, हप्ता २३ हजार ३३३, आणि हे रिड्युसिंगने बघितलं तर १४ च्या वर जातं. आठचं चौदा कसं झालं ते तो तुला सांगणार नाही.

आता खरोखरचं भाड्याने घेणं. मोठ्या कंपन्यांचं लीज असतं ते ज्यांच्याकडे कारखान्याचं वर्षानुवर्षाचं काम आहे त्यांच्यासाठी, ते सोड. पण ज्याच्या दोन गाड्या आहेत आणि ड्रायव्हर टिकत नाही असा एखादा बघून महिन्याच्या ठरावीक रकमेवर गाडी घेता येते, आणि हा रस्ता तुझ्यासाठी वाईट नाही असं माझं मत आहे. मात्र भाड्याच्या गाडीचा फायदा एकच असतो, नाही जमलं तर चावी देऊन मोकळं होता येतं. ते करारात नसेल तर ते भाडं नाहीच, ते कर्जच आहे आणि तेही बिननावाचं. म्हणून ५०० च्या स्टॅम्पवर स्वच्छ लिहून घे (आता १०० चा चालत नाही) की महिनाभर आधी सांगून गाडी परत करता येईल, डिपॉझिट किती दिवसात परत, इंजिन खोललं तर खर्च कुणाचा, टायर कुणाचे, इन्शुरन्स आणि पासिंग कुणाचं, आणि भाडं मी कुठूनही उचलेन. हे शेवटचं असल्याशिवाय सही करू नकोस.

आणि इन्शुरन्सचं नीट ऐक, कारण हे कुणी सांगत नाही. मालक-चालकाचा जो १५ लाखाचा अपघाताचा कव्हर असतो तो आरसीवर नाव असलेल्यालाच, आणि त्याचं लायसन पाहिजे. तू दुसऱ्याची गाडी स्वतःच्या धंद्यासाठी घेऊन चालवलीस तर तू पगारी ड्रायव्हरही नाहीस आणि मालकही नाहीस. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये एका केसमध्ये म्हटलंय की मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्याच जागी येतो, म्हणजे त्याच गाडीच्या थर्ड पार्टीमधून (दुसऱ्याच्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा असतो त्यातून) त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येत नाही. तुला घरी बायको आणि आई आहे. भाड्याने घेतलीस तर स्वतःच्या नावावर वेगळी अपघात पॉलिसी काढ, पहिल्या फेरीच्या आधी. रीतसर लीज करून आरसीवर नोंद केलीस तर मोटार वाहन कायद्यात ताबा असलेलाच मालक धरतात, म्हणजे उद्या कुणाला धडक लागली तर क्लेम तुझ्या नावावर येणार, तेव्हा थर्ड पार्टी एक दिवसही लॅप्स होऊ द्यायची नाही.

तुझ्याकडे ४ लाख आहेत म्हणालास. आज त्यातले ३ डाऊन पेमेंटला घातलेस तर उरतो १ लाख. थर्ड पार्टीचाच प्रीमियम २० ते ४० टनाच्या गाडीला २०२२ च्या दराने ४४ हजाराला टेकतो, नॅशनल परमिटचे वर्षाचे साडेसोळा हजार, आणि एक बेंगलोर फेरी येऊन-जाऊन दोन हजार किलोमीटर, लिटरला चारचा अॅव्हरेज आणि नव्वदचं डिझेल धरलं तर ४५ हजार नुसतं डिझेल. अॅडव्हान्स मिळतो, पण बॅलन्स पोच, म्हणजे माल मिळाल्याची सही-शिक्क्याची पावती, पोहोचल्यावर, आणि पार्टी म्हणते पुढच्या महिन्यात बघू. हप्त्याची तारीख मात्र पुढच्या महिन्यात बघू म्हणत नाही. म्हणून मी म्हणतो वर्षभर भाड्याच्या गाडीवर स्वतः भाडं उचल, दोन-तीन ट्रान्सपोर्टवाले आणि एखादी थेट पार्टी तुझ्या नावाने फोन करायला लागली की मग घे. चार हप्ते कमाईशिवाय भरता येतील एवढे पैसे बाजूला असतील तेव्हा घे, त्याआधी नको.

घेशील तेव्हा बीएस सिक्सच (धुराच्या नव्या नियमातली) घे, पाच-सहा वर्षांची. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकतात त्या युरियाची कटकट आहे, खराब युरिया टाकला की गाडी ओढत नाही, पण शहरं पुढेमागे जुन्या गाड्या बंदच करणार. गाडी बघायला जाशील तर सकाळी थंड असताना जा, त्यांना आधी चालू करून ठेवू नका सांग. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून हात धर, भसाभस धूर मारला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, मग किमतीत इंजिनकाम धरून बोल. चासीवर खालून टॉर्च मारत पूर्ण चाल, जिथे नवीन रंग दिसेल तिथे नखाने खरवड, वेल्डिंग केलेली चासी रंगाखालीच लपवतात. आणि एचपी (गाडीवर कुणाचं कर्ज आहे ती नोंद), चलान, टॅक्स परिवहनच्या साइटवर बघितल्याशिवाय टोकन पण देऊ नकोस.

इन्कम टॅक्सची भीती घातली असेल कुणी तर ती सोड, दहापर्यंत गाड्यावाल्यांना ४४एई म्हणून कलम चालत आलंय, टनाला महिन्याला हजार रुपये उत्पन्न धरतात, तुझ्या २८.५ टनाच्या गाडीचे वर्षाचे ३ लाख ४२ हजार. हप्त्यावर घेतलेल्या गाडीलाही मालक मानतात त्यात. रिटर्न मात्र भर, पुढच्या लोनला तेच दाखवायला लागतं.

आता लगेच मालकांना नाही म्हणू नकोस, रोजची भाकरी त्यांच्याकडे आहे. विचारून सांगतो म्हण आणि आरसीचा, इन्शुरन्सचा फोटो मागून घे. देत असतील तर मला पाठव, त्यावर एचपी कुणाची आहे बघू. आणि १२ ला रोख देता का, नावावर करून, हे एकदा विचारून तर बघ, काय म्हणतात ते कळव.