वनस्पतींच्या ऊती शिकताना सुरुवात कुठून करावी

सुरुवातीलाच सगळी नावे पाठ करण्याच्या मागे लागू नका. ऊती (सारख्या पेशींचा समूह) विभाजी, म्हणजे पेशी सतत विभागणारी, की स्थायी, म्हणजे विभागणे थांबलेली, पेशी जिवंत की मृत आणि पेशीभित्तिका (पेशीचे बाहेरचे आवरण) नेमकी कुठे जाड झाली आहे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली की कार्ये आपोआप उलगडू लागतात.

सूर्यफुलाचे पेन्सिलीहून बारीक खोड घ्या, नव्या ब्लेडने काप काढून पाण्यात सोडा आणि त्यांतला सर्वांत पारदर्शक निवडा, मग तो अर्धवट तुटलेला असला तरी चालेल. सॅफ्रानिन या लाल रंगद्रव्यात मिनिटभर ठेवून धुतल्यावर लिग्निनयुक्त (भित्तिका कठीण करणारे द्रव्य असलेल्या) जलवाहिन्या आणि दृढ ऊती (जाड भित्तिकांच्या, बहुधा मृत पेशींची ऊती) सूक्ष्मदर्शकाखाली ठळक लाल दिसतात. बाह्यत्वचेखालच्या स्थूलकोन ऊतीच्या पेशी मात्र जिवंत असून मुख्यतः कोपऱ्यांत जाड असतात, म्हणूनच कोवळे खोड वाकते पण सहसा मोडत नाही.

नेहमीच्या चुका:
- जाड काप घेणे.
- काळ्या कडेचे हवेचे बुडबुडे पेशी समजणे. आच्छादन काच (कापावर ठेवायची पातळ काच) तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडावी.
- सूक्ष्मदर्शकाच्या थेट मोठ्या भिंगाखाली पाहणे.

पेरूचा गर जरूर पाहा: दाताखाली कचकचणारे कण म्हणजे दृढ ऊतीच्या अश्मपेशी. खोड-मुळांची जाडी वाढवणाऱ्या पार्श्व विभाजी ऊतींचा तपशील तूर्त बाजूला ठेवलात तरी काही बिघडत नाही.