द फेल्स पाहताना गोचिडांपासून जपा

प्रश्न: जूनमध्ये मुलीकडे न्यू हॅम्पशायरला जातोय. सुनापी तळ्याकाठची ‘द फेल्स’ इस्टेट पाहायची आहे, पण तिथल्या गोचिडांची धास्ती वाटते.

उत्तर: जरूर जा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या जॉन हे यांचे हे उन्हाळी घर १८९१चे. पुढे कुटुंबाने जमीन संवर्धनासाठी दिली, म्हणून तळ्याचा हा काठ बंगल्यांपासून वाचला. मुलगा क्लॅरेन्सची दगडबाग घाईत उरकू नका.

पँट फिकट रंगाची, मोज्यांत खोचलेली हवी. वाटेच्या मधून चाला. गोचिडाचे पिल्लू खसखशीएवढे असते. गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट शोधा. चिकटलेले दिसले, तर टोकदार चिमट्याने अगदी त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावण्यात वेळ जातो. गोचिडाच्या चाव्यातून होणाऱ्या ‘लाइम’ आजाराचे जंतू शरीरात शिरायला बहुधा २४ तासांहून अधिक लागतात, तेव्हा तपासणी त्याच संध्याकाळी करा. नंतर पुरळ वा ताप आल्यास डॉक्टरांकडे जा.